एका स्वस्त गिटारीचा जीर्णोद्धार

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपण सर्वजण मोठ्या आवडीनें वापरतों. आळशी माणूस अंगचा दोष झांकण्यासाठीं साधनाला नांवें ठेवतो, हा तिचा भावार्थ. आणि तो पुष्कळदां खराहि असतो. परंतु अंगण खरोखरीच वांकडें असेल, तर नाचणाऱ्या मुलानें काय करावें, हें ती म्हण सांगत नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हा प्रश्न आमच्या घरांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां एका स्वस्त विद्युत्-गिटारीचा जीर्णोद्धार झाला. ती हकीकत, आणि त्या अनुषंगानें तसल्या वाद्याची डागडुजी घरच्या घरीं कशी करावी ह्याची माहिती, विद्यार्थी व पालक ह्या दोघांनाहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहे.

माझा पुतण्या नववींत शिकतो. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या हट्टाखातर दादानें त्याला एक काळी विद्युत्-गिटार आणून दिली. तिच्याबरोबर एक लहानसा ध्वनिवर्धकहि मिळाला होता. किंमत अगदीं माफक. चार महिने मुलानें नेटानें सराव केला. पुढें त्याच्या डाव्या हाताचीं बोटें सोलवटूं लागलीं, सूर जुळेनात, आणि शेवटीं ती गिटार माळ्यावर गेली. “ह्याच्या अंगीं चिकाटी म्हणून नाहीं,” असें दादानें ठरविलें. “मला तें जमणारें नाहीं, काका,” असें मुलानेंहि ठरवून टाकलें.

मे महिन्यांत माळा झाडतांना ती खालीं आली. मीं सहज एक तार दाबून पाहिली. पहिल्या पडद्यापाशीं ती इतकी उंच होती कीं, माझेंच बोट दुखलें. मान हातांत धरून वरखालीं करतांच पडद्यांचीं टोंकें तळव्याला करवतीसारखीं लागलीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, बापलेकांनीं दिलेला निकाल साक्षीपुरावा न घेतांच दिला गेला होता.

स्वस्त वाद्य स्वस्त कां असतें?

साध्या गिटारीचें पोट पोकळ असतें व तारेचा नाद त्या पोकळींत घुमून मोठा होतो. विद्युत्-गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. त्यामुळें विजेवांचून तिचा आवाज शेजारच्या खोलींतहि नीट ऐकूं जात नाहीं. तिच्या तारांखालीं ‘पिकअप’ नांवाची लहानशी डबी बसविलेली असते. तींत लोहचुंबक असतो व त्याच्याभोवतीं केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत कंप पावली कीं, त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडे ह्या शास्त्रज्ञानें १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. ध्वनिवर्धक त्या क्षीण प्रवाहाला बळ देतो आणि आपल्याला आवाज ऐकूं येतो. ह्या वाद्याला नायलॉनची तार लावली तर ध्वनिवर्धक मुका राहील, हें आतां कोणाच्याहि लक्षांत येईल.

आजच्या स्वस्त गिटारींपैकीं पुष्कळशा ज्या घाटाच्या असतात, तो घाट लिओ फेंडर ह्या अमेरिकन गृहस्थानें १९५४ सालीं ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ ह्या नांवानें बाजारांत आणला. फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें रेडिओ दुरुस्त करीत असे. जें यंत्र बिघडेल तें सुटें करतां आलें पाहिजे, ही दृष्टि त्याला त्या धंद्यानें दिली असावी. कारण त्यानें गिटारीची मान अंगाला सरसानें न चिकटवितां चार स्क्रूंनीं जोडली. आमच्या घरच्या नकलेंतहि तेच चार स्क्रू होते. एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दहा मिनिटांत आम्हीं सारी गिटार टेबलावर उलगडून ठेवली, ती ह्या गृहस्थाच्या कृपेनें.

उलगडल्यावर तिची परीक्षा केली, आणि एक नवल दिसलें. लाकूड वाईट नव्हतें. मान सरळ होती. पडद्यांच्या जागा मोजून पाहिल्या, तर घोडीपासून वरच्या टोंकापर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरांवर होता. हीं कामें हल्लीं यंत्रें करतात व तीं स्वस्त मालासाठींहि अचूक करतात. उणीव होती ती निराळ्याच ठिकाणीं. पडद्यांचीं टोंकें कोणी घांसलीं नव्हतीं. तारा ज्या खांचांतून जातात त्या खांचा कोणी पुरत्या खोल केल्या नव्हत्या. पिकअपची उंची कोणी लावली नव्हती. ह्या सर्व गोष्टींना माणसाचा हात, डोळा आणि कान लागतात, व त्यांचा मेहनताना द्यावा लागतो. खुंट्यांची धातु व चुंबकाची जात हलकी होती, हें खरें. परंतु मुख्यतः त्या गिटारींत मालाची काटकसर झाली नव्हती, श्रमाची झाली होती. कारखान्यानें टाळलेले ते श्रम कोणाला तरी करावेच लागतात. आणि आमच्या घरीं तो कर एका तेरा वर्षांच्या मुलाचीं बोटें भरीत होतीं.

परंतु ह्यांतच एक दिलासाहि आहे. न घातलेला माल घरीं घालतां येत नाहीं. न केलेले श्रम मात्र घरीं करतां येतात.

रंगाचें प्रकरण

वास्तविक पाहतां रंगाला हात लावण्याचें कारण नव्हतें. भरीव गिटारीच्या सुरांत रंगानें उमजण्याजोगा फरक पडत नाहीं. परंतु मुलाचा सारा जीव रंगांत होता. तो काळा चकचकाट त्याला आपल्या अपयशाची आठवण देत असावा. “लाकूड दिसलें पाहिजे, काका,” हा त्याचा आग्रह मीं मानला.

येथें पहिला धडा मिळाला. अशा गिटारींवरील लेप बहुधा पॉलिएस्टरचा, कांचेसारखा कठीण व जाड असतो. तो नुसता घांसून निघत नाहीं. गरम हवेचें यंत्र उसनें आणून मीं लेप मऊ केला व बोथट पात्यानें त्याचे पापुद्रे काढले. हें काम वडील माणसानेंच, उघड्या हवेंत करावें. उरलेला लेप घांसतांना नाकातोंडावर चांगला मुखपट्टा हवाच, कारण ती धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. दोन दिवसांच्या ह्या खटाटोपानंतर लाकूड दिसलें खरें. पण तें एकसंध नव्हतें. पांच वेगवेगळ्या छटांचे तुकडे शेजारीं शेजारीं चिकटविलेले, आणि दोन ठिकाणीं पिवळट लांबी भरलेली! मुलाचा चेहरा उतरला. काळा रंग कशासाठीं दिला होता तें आम्हांला कळलें. ज्यांना नवा रंगच द्यावयाचा असेल त्यांनीं जुना लेप मुळींच काढूं नये; ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनें तो खरखरीत करून त्यावरच नवा रंग चढवावा, हा सल्ला मी आतां देऊं शकतों.

आमच्या आळींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनीं तें अंग उलटसुलट करून पाहिलें व मुलाला म्हणाले, “पोरा, पांच भावांना एका रंगाचे कपडे घाल, म्हणजे एका घरचे दिसतील.” त्यांनीं सांगितलेली रीति अशी. खडूची भुकटी, डिंकाचें पाणी व चिमूटभर गेरू ह्यांची लांबी करून सांध्यांत भरावी. ती वाळल्यावर १८०, मग २४०, मग ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनें, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेंच घांसावें. नंतर चपडा लाखेचें पॉलिश चढवावें.

चपडा म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर जगणाऱ्या एका किड्यानें स्रवलेली लाख, शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपांत वाळविलेली. आपल्या देशांत ती झारखंडांत विपुल होते. पूर्वींच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ह्याच लाखेंत दगडाची पूड मिसळून बनवीत, आणि युरोपांतील उत्तमोत्तम गिटारींवर आजहि हिचाच लेप हातानें देतात. १०० ग्रॅम चपडा ५०० मिलिलिटर स्पिरिटांत रात्रभर भिजवून, गाळून घ्यावा. पहिल्या तीन हातांसाठीं त्यांत थोडा वस्त्रगाळ गेरू मिसळावा. कापसाचा बोळा धुवट मलमलीच्या फडक्यांत बांधून, पॉलिशनें जेमतेम ओला करावा व लाकडावरून न थांबतां फिरवावा. थांबला कीं डाग पडला! एक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. असे बारा हात आम्हीं सहा दिवसांत दिले.

स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही असतें. जवळपास शेगडी, उदबत्ती कांहींहि पेटतें असूं नये. फडकें सरकावें म्हणून कोणी जवसाच्या तेलाचा थेंब घेतात. त्यांनीं तीं तेलकट फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हें तेल वाळतांना आपोआप तापतें, आणि ढिगाऱ्यांतील फडकीं काडी न लावतांहि पेटतात. तीं दोरीवर पसरून वाळवावींत.

नववा हात देत असतां आभाळ भरून आलें व त्या वर्षींचा पहिला पाऊस कोसळला. सकाळीं पाहतों तों सगळा लेप ताकासारखा पांढुरका! दमट हवेंत लाखेचा लेप वाळतांना पाणी धरतो, हें मला पुस्तकांत वाचून ठाऊक होतें. तरी आभाळाकडे पाहून हात आंवरला नव्हता. मिस्त्रींनीं धीर दिला. दोन दिवसांनीं लख्ख ऊन पडलें, तेव्हां नुसत्या स्पिरिटाचा किंचित् ओला बोळा वरून हलकेच फिरविला, आणि तो पांढुरकेपणा विरून गेला. शेवटीं कोंकणांतील जांभ्या दगडासारखा तांबूस, मऊ चकाकीचा रंग उतरला. सांधे बारकाईनें पाहिल्यास अजूनहि दिसतात. आतां मुलालाच ते कौतुकानें दाखवावेसे वाटतात.

एक घरगुती कारखाना

पॉलिश वाळण्याची वाट पाहत असतां दादा एकदां म्हणाला, “कारखान्याचें काम घरीं करून कोठें वाद्य होतें काय रे?” तेव्हां मीं त्याला इंग्लंडांतील एका बापलेकांची गोष्ट सांगितली.

ब्रायन मे नांवाच्या शाळकरी मुलाला अशीच विद्युत्-गिटार हवी होती, पण ती विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्याचे वडील हॅरल्ड मे हे विजेच्या कामांत वाकबगार. दोघांनीं १९६३ सालीं घरींच गिटार करावयास घेतली. मान केली ती जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटींतून. त्या लाकडाला किडीनें पाडलेलीं भोंकें आगकाड्यांनीं बुजविलीं. मानेवरील खुणेचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याच्या गुंड्या. घोडीखालच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. ह्या कामाला सुमारें दोन वर्षें लागलीं. तीच गिटार पुढें ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदांतून जगभर वाजली, आणि २००२ सालीं राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत ब्रायन मे ह्यांनीं ती बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभें राहून वाजविली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी होता, हें सांगितल्यावर दादाहि खुर्ची पुढें ओढून बसला. ब्रायन मे ह्यांनीं २००७ सालीं खगोलभौतिकींत डॉक्टरची पदवीहि मिळविली, हें मीं मुद्दाम जोडलें; कारण ‘वाद्याच्या नादीं अभ्यास बुडतो’ हें वाक्य दादाच्या ओठांवर आलेलें मला दिसत होतें.

पडदे व खांचा

आतां खऱ्या दुखण्याकडे वळूं. पडदे हे धातूचे असतात व मानेचें लाकूड कोरड्या हवेंत अरुंद होतें. त्यामुळें पडद्यांचीं टोंकें बाहेर डोकावतात. लाकडावर कागदी चिकटपट्टी लावून, बारीक दांत्यांच्या कानशीनें हीं टोंकें तिरपीं घांसावींत, व मग प्रत्येक टोंकाची धार हलक्या हातानें मोडावी. नंतर १००० व २००० नंबरच्या कागदानें पडद्यांचा माथा गुळगुळीत करावा. ह्या कामीं लोखंडी लोकर वापरावयाची झाल्यास पिकअप दूर ठेवावेत. नाहींतर तिचे कण चुंबकाला चिकटतात व पुढें निघतां निघत नाहींत. हें सर्व काम मुलानें एकट्यानें केलें. एकवीस पडदे, बेचाळीस टोंकें. बेचाळिसावें टोंक संपल्यावर त्यानें डोळे मिटून मानेवरून हात फिरविला व नुसताच हंसला.

मानेच्या वरच्या टोंकाला सहा खांचांची एक लहान आडवी पट्टी असते. तिला गिटारवादक ‘नट’ म्हणतात. आपल्या तंबोऱ्याच्या वरच्या बाजूसहि अशीच पट्टी असते. खांचा उथळ असल्या कीं तार उंच राहते. ती दाबण्यास जोर लागतो, व दाबतांना ती ताणली जाऊन सूर चढतो. म्हणजे बोटहि दुखतें आणि कानहि फसतो! मुलाचे सूर कां जुळत नव्हते, त्याचें हें कारण. परीक्षा सोपी आहे. तिसऱ्या पडद्यावर तार दाबावी व पहिल्या पडद्यावर पाहावें. तेथें तार व पडदा ह्यांत कागद सरकेल इतकीच फट असावी. आमच्या गिटारींत जाड पुठ्ठा सरकत होता.

जुनी पट्टी पोकळ प्लॅस्टिकची होती, म्हणून हाडाची नवी घेतली. खांचा पाडण्याच्या खास कानशी महाग असतात. आम्हीं एका वेल्डिंगवाल्याकडून, गॅसच्या नळीचें तोंड साफ करण्याच्या निरनिराळ्या जाडीच्या खरखरीत सळया आणल्या. त्यांनीं काम उत्तम झालें. परंतु येथें घाई माझी झाली. तिसऱ्या तारेची खांच दोन फेऱ्या जास्त घांसली गेली, आणि मोकळी तार पडद्याला लागून झणझणूं लागली. कमी घांसलेलें पुन्हां घांसतां येतें, जास्त घांसलेलें परत येत नाहीं. पहिली पट्टी वायां गेली. दुसरीच्या वेळीं प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर तार चढवून पाहिली. तिला तीन तास लागले. पण ती साधली.

विजेची बाजू

पिकअपच्या तारा सोडण्यापूर्वीं त्यांचें छायाचित्र घेऊन ठेवावें. मागाहून हीच खरी कुंडली ठरते. आमच्या गिटारींत सदोदित गुणगुण ऐकूं येई. घरांतील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळां आंदोलतो, व पिकअपमधील वेढे ती आंदोलनें एखाद्या आकाशतारेप्रमाणें टिपून घेतात. ह्यावर उपाय म्हणून अंगांतील पोकळीला आंतून तांब्याची चिकटपट्टी लावली, पट्ट्यांचे सांधे कथलाच्या डाखानें जोडले, आणि तें सर्व अस्तर भूमीच्या तारेला जोडलें. सूर वाहून नेणारी तार मात्र ह्या अस्तराला कोठेंहि लागतां कामा नये, नाहींतर गिटार मुकी होते. गुणगुण पुरती गेली नाहीं, परंतु पुष्कळ ओसरली. आवाज कमीजास्त करण्याच्या कळा फिरवितांना खरखर होत असे. त्यांत विद्युत्-भाग साफ करण्याचा फवारा मारतांच ती थांबली.

पालकांनीं एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. तारांना हात लागतांच गुणगुण कमी झाली तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु तारांना स्पर्श करतांच झिणझिण्या आल्या, तर वाजविणें तत्काळ थांबवावें, भिंतीवरचें बटण बंद करून मगच गिटार दूर ठेवावी, व घरांतील अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावें. ध्वनिवर्धकाची तीन पायांची पिन दोन पायांच्या भोंकांत कशीबशी बसवूं नये. आणि ध्वनिवर्धक घरीं कधींहि उघडूं नये. वीज बंद केल्यावरहि त्याच्या कांहीं भागांत धोकादायक प्रमाणांत वीज सांठून राहूं शकते.

पुष्कळ जण सुधारणेचा आरंभ नवे महाग पिकअप आणून करतात. आम्हीं जुनेच ठेवले. फक्त खालीं उतरविले. ते तारांच्या इतके जवळ होते कीं, चुंबक तारेला ओढून तिच्या कंपांत बिघाड करीत होता व सूर डळमळत होता. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असतां जाड तारांखालीं सुमारें ३ व बारीक तारांखालीं सुमारें २ मिलिमीटर अंतर ठेवलें, आणि आवाज स्वच्छ झाला. ह्या सुधारणेला एक पैहि लागली नाहीं.

जुळणी

सर्व भाग जोडून नव्या तारा चढविल्या. सहा तारांचा एकंदर ताण ४० किलोच्या घरांत जातो; तो सोसण्यासाठीं मानेच्या पोटांत पोलादी सळई असते. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबून, मधल्या आठव्या पडद्यापाशीं पत्त्यांतील एका पानाएवढी फट राहील इतकाच मानेला बांक हवा. त्यासाठीं सळईची चावी एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. नंतर बाराव्या पडद्यावर तारांची उंची जाड बाजूस २ व बारीक बाजूस १.५ मिलिमीटर ठेवली.

शेवटची परीक्षा कानाची. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडल्यास जो सूर निघतो, तोच ती तेथें दाबून छेडल्यावर निघाला पाहिजे. दाबलेला सूर चढा निघाला तर घोडीवरील त्या तारेची बैठक मागें सरकवून तार लांब करावी. उतरता निघाला तर पुढें घ्यावी. मोबाइलवरील सूर जुळविण्याचें साधन ह्या कामीं पुरेसें होतें.

एकंदर खर्चाचा हिशेब असा: चपडा व स्पिरिट २८० रुपये, पॉलिशपेपर १२०, तांब्याची पट्टी २५०, हाडाच्या दोन पट्ट्या २००, तारांचा संच ४५०, किरकोळ १००, मिळून १,४०० रुपये. श्रम सुमारें तीस तासांचे. ती गिटार आतां महागड्या गिटारीच्या तोडीची झाली, असें मी म्हणणार नाहीं. खुंट्या अजून हलक्याच आहेत, व आठवड्यांतून दोनदां सूर उतरतो. परंतु ती आतां शिकणाऱ्याच्या आड येत नाहीं, आणि पहिल्या वाद्याकडून ह्याहून अधिक अपेक्षा करण्याचें कारण नाहीं.

शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलानें ती वाजविली. दोन वर्षांपूर्वीं जी स्वरसंगति त्याला कधींहि जमली नव्हती ती तिसऱ्या प्रयत्नांत जमली. चुका झाल्या, पण त्या त्याच्या स्वतःच्या होत्या. दादा दाराशीं उभा होता. त्यानें जवळ येऊन एक तार दाबून पाहिली. मग टेबलावर पडलेली ती जुनी प्लॅस्टिकची पट्टी व तिच्या शेजारची हाडाची पट्टी, जी मीं बिघडविली होती, दोन्ही उचलून उजेडांत धरल्या. बराच वेळ पाहून तो मुलाला म्हणाला, “म्हणजे तुझीं बोटें खोटें बोलत नव्हतीं तर.”

मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो पुन्हां वाजवूं लागला.

विद्यार्थिमित्रांनो, एखादी विद्या येत नाहीं असें वाटलें तर आधीं आपला सराव तपासा, हें तर खरेंच. पण त्याच वेळीं आपलें साधनहि एकदां तपासून घ्या, मग तें वाद्य असो, लेखणी असो कीं कंपासपेटी असो. आणि पालकांनींहि मुलाच्या अंगीं चिकाटी नाहीं असा निकाल देण्यापूर्वीं, ती तार एकदां स्वतः दाबून पाहावी. अंगण वांकडें निघालें तर तें सरळ करण्यास एक उन्हाळ्याची सुटी पुरते.